मासा घटत असताना बोटीने जाऊन गळ टाकावा का?

खडपावरचा:
तीस वाव (एक वाव म्हणजे साधारण सहा फूट) पाण्यातून एक मासा वर घेतला. तळाशी जोरात ओढत होता, अर्ध्यावर आला आणि दोरी सैल पडली. बोटीच्या कडेला दिसला तेव्हा डोळे खोबणीबाहेर आले होते आणि जठर तोंडातून फुग्यासारखं बाहेर पडलं होतं. खोल पाण्यातला दाब एकदम कमी झाला की वाताशयातली, म्हणजे माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीतली, हवा फुगते, त्यामुळे हे होतं. माप कमी भरलं म्हणून सोडून दिला. पोट वर करून तो लाटांबरोबर लांब लांब जात राहिला, मग त्याच्यावर पक्षी उतरले. नियम मी पाळला होता.

पंधरा वर्षं गळ टाकतोय. ‘जाळीवाले समुद्र खरवडतात, आपण एकेक मासा काढतो’ हे मीही शंभरदा बोललोय. आता ते तोंडातून निघत नाही. अमेरिकेतला २००२ चा हिशोब बघा. समुद्रातून काढलेल्या एकूण मासळीत हौशी गळवाल्यांचा वाटा फक्त ४ टक्के. पण ज्या जातींची चिंता होती, तेवढ्याच मोजल्या तर २३ टक्के, आणि मेक्सिकोच्या आखातात ६४ टक्के. म्हणजे आपण नेमके त्याच माशामागे जातो, ज्याची संख्या घसरलेली असते. फिशफाइंडर थवा दाखवतो, जीपीएस दर वर्षी त्याच खडपावर, पाण्याखालच्या खडकाळ जागेवर, नेऊन सोडतं.

माझं म्हणणं एवढंच: साठा घसरलाय हे माहीत असेल तर अंडी घालण्याच्या दिवसांत त्या जातीमागे बोट न्यायचीच नाही. सरकारी बंदीची वाट बघायची नाही.

दोरसूत:
पूर्ण असहमत, आणि मनापासून. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडचा कॉड मासा कोणी संपवला? १९९२ मध्ये तिथली मासेमारी बंद करावी लागली, तीस हजारांच्या आसपास लोकांचं काम गेलं. ते गळाने झालं नव्हतं, जाळं ओढत नेणाऱ्या ट्रॉलर बोटींनी झालं.

युरोपातला सी बास मासा घ्या. २०१५ मध्ये हौशींना दिवसाला तीन मासे, २०१८ मध्ये तर सप्टेंबरअखेर एकही घरी न्यायचा नाही, धरा आणि सोडा. त्याच वर्षी एकाच जागी लावलेल्या जाळ्यांना ‘चुकून अडकलेला’ म्हणून बोटीमागे वर्षाला १.२ टन मुभा! ज्याच्या हातात एक काठी आहे त्यालाच आधी आवरायचं, हा कुठला न्याय? तुम्ही स्वतःहून बाजूला झालात की उरलेला मासा जाळीतच जाणार.

खडपावरचा:
अन्याय झाला, मान्य. पण युरोपातल्या पश्चिम बाल्टिक समुद्राचा कॉडही बघा. तिथे हौशींवर मर्यादा आली २०१७ मध्ये, दिवसाला पाच. २०२२ मध्ये एक. २०२४ पासून पूर्ण बंद. व्यापारी बोटींचा वाटाही कापला होता, तरी साठा सावरला नाही. पाचावर होतो तेव्हाच आपण थांबलो असतो तर निदान आपल्या हातून तेवढी गाभोळी, पोटातली अंडी, वाचली असती.

तांडेल_दोन:
मी लोकांना बोटीवर नेतो, पोट त्यावर आहे. म्हणून माझं बोलणं स्वार्थाचं वाटेल, तरी ऐका. त्या माशाला तसंच सोडून देणं ही चूक होती. जबड्याला चिमटा लावून शिशाच्या वजनाने त्याला परत खाली पोचवता येतं. खाली दाब मिळाला की वाताशय पूर्ववत होतं आणि बरेच मासे पोहून जातात. मेक्सिकोच्या आखातातल्या अमेरिकी संघराज्य हद्दीत खडपावरचे मासे धरणाऱ्या बोटीवर हे साधन किंवा हवा काढायची सुई तयार ठेवणं २०२२ मध्ये सक्तीचं झालं होतं. माझ्या बोटीवर चिमटा गळाच्या पेटीत नसतो, सुकाणूशेजारी टांगलेला असतो, कारण शोधण्यात मिनिट गेलं की मासा गेला.

आणि ठरलेली संख्या भरली की मी बोट उथळात वळवतो. ‘मापाचा मिळेपर्यंत धरत राहू’ हे माझ्याकडे चालत नाही.

गाभोळी:
माप माप म्हणताय, पण सगळे खालचंच माप सांगताय. वरचं कोण सांगणार? लांबी दुप्पट झाली की वजन साधारण आठपट होतं, आणि मोठ्या मादीची अंडी बहुतेक जातींत त्याहूनही जास्त पटीने वाढतात. फोटोसाठी आपण नेमकी तीच मादी वर घेतो. लहान सोडा हे शिकवलं, मोठी सोडा हेही शिकवा. तांडेल, तुमच्या बोटीवर हे चालेल का?

तांडेल_दोन:
चालवतो. पहिल्या दिवशी गिऱ्हाईक कुरकुरेल. पाण्यातच पट्टी लावून फोटो काढू देईन, बोटीत घेणार नाही.

दोरसूत:
चिमटा मी आजच घेतो, त्यावर वाद नाही. मोठी मादी सोडणंही पटलं. पण त्याच खडपावर जाळी पडत असताना मी किनाऱ्यावर बसावं, हे पटत नाही आणि पटणारही नाही.

खडपावरचा:
मी त्या जागेचे आकडे जीपीएसमधून पुसून टाकले.

दोरसूत:
पुसायला नको होते! पंधरा वर्षांच्या नोंदी होत्या ना, कुठल्या महिन्यात, किती वावांत, केवढा मासा? तो खडप जाळ्यांना बंद करा म्हणून भांडायला गेलो तर पुरावा तोच. वहीत लिहिलेलं असेल तर जपून ठेवा. मी माझी वही काढतो.