गुलाल फिका का पडतो?

जोतिबाच्या यात्रेतला गुलाल लाइटरूममध्ये (फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये) झकास दिसतो आणि मोबाईलवर मळकट, असं तुम्ही लिहिलंय. बहुतेक वेळा कारण कलर स्पेस, म्हणजे फाइलमध्ये मावणाऱ्या रंगांचा आवाका, असते. फाइल अ‍ॅडोबी आरजीबी किंवा प्रोफोटो अशा मोठ्या आवाक्याच्या स्पेसमध्ये एक्स्पोर्ट झाली आणि वाटेत प्रोफाइल (रंग कसे वाचायचे ते सांगणारी नोंद) गळलं, की रंग उतरतात. एक्स्पोर्टच्या खिडकीत एसआरजीबी, म्हणजे मोबाईल आणि वेबची नेहमीची कलर स्पेस, निवडा.

पण गुलालाची आणखी एक खोड आहे. तो गडद गुलाबी एसआरजीबीत पुरता मावत नाही, लाल चॅनेल कापला जातो (लाल रंगाच्या छटा कमाल मर्यादेला अडकून एकसारख्या होतात) आणि चेहऱ्यावर सपाट थर दिसतो. लाइटरूमच्या डेव्हलप विभागात कीबोर्डवरचं एस दाबून सॉफ्ट प्रूफिंग (एक्स्पोर्टनंतर रंग कसे दिसतील त्याची झलक) सुरू करा, प्रोफाइल एसआरजीबी ठेवा, मग मॅजेंटा आणि लालचं सॅच्युरेशन १०-१५ ने उतरवा. कणाकणाचा पोत परत दिसायला लागेल.

बाकी सेटिंग: जेपेग, क्वालिटी ८० च्या आसपास, फेसबुकसाठी लांब बाजू २०४८ पिक्सेल, इन्स्टाच्या उभ्या फोटोला १०८० बाय १३५०. आउटपुट शार्पनिंग स्क्रीन, स्टँडर्ड. क्वालिटी ६० च्या खाली नेली तर रंकाळ्यावरच्या संध्याकाळच्या आभाळात पट्टे उमटू शकतात. डीपीआय (छापताना इंचाला किती ठिपके) ७२ की ३००, यावर वाद घालू नका; तो आकडा छापखान्याचा, पडद्याला फक्त पिक्सेल कळतात.

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलात की तो पुन्हा कॉम्प्रेस होतो, दर्जा उतरतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. घरातले फोटो असतील तर मेटाडेटातून (फाइलसोबत जाणाऱ्या माहितीतून) लोकेशन काढायला विसरू नका.