मदत हवी आहे : लाकडी मालगोदामाच्या मॉडेलवरील पांढरट थर

नमस्कार. १:८७ प्रमाणातील रेल्वे मालगोदामाच्या लाकडी किटला जुनाट रूप देताना एक अडचण आली आहे. भिंतींवर मॅट लॅकर फवारून, वर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये पातळ केलेली काळी शाई लावली असता फळ्यांच्या खाचा सुरेख उठून दिसल्या; मात्र वाळताच दाराभोवती पिठूळ पांढरा थर उमटला. उन्हाने विटलेल्या भिंतीला तो शोभलाही असता, पण वळचणीच्या सावलीत खटकतो. लॅकरचा आणखी एक हलका फवारा दिल्यास हा थर जातो, परंतु छपराच्या पत्र्यांवर गंजासाठी चोळलेली पेस्टल खडूची पूड त्याने फिकी पडेल, आणि छप्पर आता चिकटवलेले आहे. अशा वेळी पत्रे झाकून फवारावे, की ब्रशने अ‍ॅक्रिलिक मॅट वार्निश लावावे? शिवाय पावसाळी दमट हवेत लॅकर मुळातच पांढरे पडते, तेव्हा कोकणातील सभासद हे काम कोणत्या दिवसांत करतात, तेही कृपया कळवावे.