ब्रश तोंडात गेला की मुलगा जबडा आवळतो, दाढा कशा घासाव्या?

रामबागकर, इंदूर
मुलगा ७ वर्षांचा, सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे स्नायूंवर ताबा कमी). पुढचे दात कसेबसे होतात, दाढांपर्यंत ब्रश जात नाही. थुंकता येत नाही, पाण्याने ठसका लागतो. फिटचं गोड सिरप रात्री ९ वाजता, झोपताना. पेस्ट लावावी का?

दाढदुखी
हा हट्ट नाही, रिफ्लेक्स आहे, म्हणजे आपोआप होतं. ब्रश ओढलात की जबडा आणखी आवळतो. धरून ठेवा, ढिला पडेपर्यंत थांबा. सुरुवात पुढच्या दातांपासून करू नका, तिथल्या स्पर्शानेच पुष्कळदा चावा येतो. ओठाच्या कोपऱ्यातून, गालाच्या आतून ब्रश सरकवत मागे न्या. दाढांची बाहेरची बाजू दात मिटलेले असतानाही घासता येते, हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही!

तुम्ही मागे उभे राहा, डोकं छातीशी टेकवा, हनुवटी किंचित खाली. मान मागे गेली की ठसका लागलाच म्हणून समजा. आतल्या बाजूसाठी ओल्या नॅपकिनची घट्ट गुंडाळी एका बाजूच्या दाढांमध्ये ठेवा, टोक बाहेर राहू द्या. दातांमध्ये बोट कधीच नाही. शिवाय ७ वर्षं म्हणजे दुधाचे दात हलायचं वय, आधी तपासा.

मालवा_ताई
पेस्ट लावा. १००० पीपीएम फ्लोराइडची, तांदळाच्या दाण्याएवढी, ब्रिसलच्या आत दाबून. ब्रश ओला करू नका, फेस कमी होतो. शेवटी बोटाला गॉज (पट्टीचं जाळीदार कापड) गुंडाळून गालाच्या बाजूने फेस टिपून घ्या, चूळ नको.

खरी गडबड त्या ९ च्या सिरपची. झोपेत लाळ कमी होते, साखर दातांवर बसून राहते. आधी सिरप, मग ब्रश. वेळ मनाने बदलू नका, पण बिनसाखरेचं मिळतं का, डॉक्टरांना विचारा. औषध कोणतं? फेनिटोइन असेल तर हिरड्या वाढतात.

रामबागकर, इंदूर
फेनिटोइनच. हिरड्या फुगल्यात, रक्तही येतं.

मालवा_ताई
मग रक्त आलं म्हणून घासणं थांबवू नका. दातांवर थर साचला की हिरड्या जास्त वाढतात. मऊ ब्रश, हिरडीच्या कडेला तिरका. औषध मात्र आपण होऊन बंद करायचं नाही, फुगलेल्या हिरड्या न्यूरोलॉजिस्टला दाखवा.

दाढदुखी
आणि पोह्यांवरची सेव! गाल आणि हिरडीच्या मधल्या खाचेत तिचा लगदा तासन्‌तास राहतो. खाणं झालं की गॉज फिरवा. सरकारी दंत महाविद्यालयात लहान मुलांच्या विभागात फ्लोराइड वार्निशबद्दल (दातांवर लावायचा फ्लोराइडचा लेप) विचारा, धोका जास्त असलेल्या मुलांना दर ३ ते ६ महिन्यांनी लावतात. जाताना औषधांची चिठ्ठी न्या.