विसर्जनाचं थेट प्रक्षेपण: राऊटर कोण आणतंय?

कार्यवाह:
मंडळी, शेवटचं विचारतो. राऊटर कोण आणणार? गेल्या वर्षी किनाऱ्यावर पोचलो आणि चित्र गोठलं. पुण्याची मंडळी ताटकळत बसली, त्यांना नुसता ढोल ऐकू आला. आपले मॉरिशसचे चार म्हणजे तिकडचे साडेपाच, ही वेळ कळवून झालीय. आता बदलणार नाही.

एबेनहून:
राऊटर आणून उपयोग नाही. भारताशी जोडणारी समुद्राखालची सेफ केबल 2002 पासून आहे, थेट कोचीला जाते. नंतर आणखीही केबल्स आल्या. अडचण समुद्राखाली नाहीच, किनाऱ्यावर आहे. सगळा गाव एकाच टॉवरखाली उभा राहून व्हिडिओ चढवतो, आणि तुमचा सिमवाला राऊटरही त्याच टॉवरच्या रांगेत उभा राहतो. देवळात फायबर आहे. आरती तिथून थेट दाखवा. किनाऱ्यावरचं रेकॉर्ड करा आणि परत आल्यावर चढवा.

काकू, कात्र बोर्नहून:
आधी फोनची यादी दुरुस्त करा! माझ्या नणंदेने रत्नागिरीहून यादीतले मोबाइल लावून पाहिले, एक लागेल तर शपथ. मोबाइलच्या आधी 5 लावायचा हे 2013 च्या सप्टेंबरपासून आहे, आपली यादी अजून सात आकडी. घरच्या फोनला मात्र 5 लावू नका, नाहीतर कुणीतरी तेही कराल.

खजिनदार:
यादी मागच्या समितीने दिली तशीच आहे. राऊटरच्या भाड्याला मंजुरी नाही, हेही सांगून ठेवतो.

गुरुजी:
देवळात फायबर असून तक्रार! मी आपल्याच रॉड्रिग्ज बेटावर शिकवायला होतो तेव्हा तिथे समुद्राखालची केबलच नव्हती, ती 2019 मध्ये आली. तोवर सगळं उपग्रहावरून. तो 36,000 किलोमीटरवर, त्यामुळे बोलणं पोचून उत्तर यायला अर्धा सेकंद जायचा. मंडळी विचारायच्या, "जेवलात का?" माझं "हो" पोचेपर्यंत त्यांचं पुढचं सुरू, "आठवण येत नाही ना आमची?" त्या "हो"चं स्पष्टीकरण पुढच्या सुट्टीपर्यंत देत होतो.

कार्यवाह:
गुरुजी, छान. राऊटर?

फिनिक्सहून:
फेसबुकवर लाइव्ह करा ना, प्रश्न मिटला.

काका, कास्काव्हेलहून:
लाइव्हलाही तोच टॉवर लागतो, बाळा. शिवाय सगळं फेसबुकच्या भरवशावर टाकू नका. 2024 ची इथली निवडणूक आठवते ना? फोनवरची खासगी संभाषणं बाहेर फुटली आणि 1 नोव्हेंबरला समाजमाध्यमं बंद. मतदानानंतरपर्यंत, म्हणजे 11 तारखेपर्यंत, असा आदेश होता. ओरड झाली म्हणून दुसऱ्याच दिवशी मागे घेतला. आमचे दिवाळीचे फोटो मात्र अडकले ते अडकलेच.

काकू, कात्र बोर्नहून:
एमबीसीला, आपल्या सरकारी टीव्हीला, सांगा. वर्षानुवर्षं विजेच्या बिलाबरोबर टीव्हीची फी भरलीय, एक आरती दाखवायला काय होतं? मी पत्र लिहून देते.

काका, कास्काव्हेलहून:
एमबीसीशी बोलणं इथल्या मराठी मंडळांच्या फेडरेशनचं काम. आमचे पणजोबा इथे ऊस तोडत होते तेव्हापासूनची माणसं आहेत तिथे. दोन-तीन वर्षांच्या कंत्राटावर आलेल्यांनी परस्पर पत्रं धाडू नयेत.

काकू, कात्र बोर्नहून:
कंत्राटावर यजमान आहेत, मी नाही. मोदक करताना कुणी माझं कंत्राट विचारलं नव्हतं.

कार्यवाह:
पत्र राहू द्या. आरती देवळातून थेट, किनाऱ्यावरचं रात्री. देवळाच्या वायफायचा पासवर्ड कुणाकडे आहे?

खजिनदार:
पुजाऱ्यांकडे. नंबर यादीत आहे. पुढे 5 लावा.