लष्करी जमीन: कागद नव्हे, बदली बरॅक

ब्रिटिश वसाहत असलेल्या हाँगकाँगमध्ये लष्कराकडची जमीन सरकारला परत मिळवणं सोपं होतं, असं काहींना वाटतं: 'लष्करी जमीन शेवटी राणीचीच, मग लंडनहून एक पत्र आलं की झालं.' ते कागदावर बरोबर. पण लंडनचं लष्करी खातं आणि वसाहत सरकार यांचे हिशेब वेगळे. बरॅक, कार्यालयं, धक्का यांची पर्यायी सोय झाल्याशिवाय लष्कर हलत नसे आणि ती उभारण्याचा भार बराचसा वसाहतीच्या तिजोरीवर पडे. खरी घासाघीस जमिनीच्या भावापेक्षा यावरच होई, आणि वेळही त्यातच जाई.

उदाहरणार्थ, व्हिक्टोरिया बरॅक्स १९७९ मध्ये रिकामी झाली ती ब्रिटिश लष्कराचं मुख्यालय टामार या नाविक तळावर हलल्यावर. तिथलं हाँगकाँग पार्क उघडलं थेट १९९१ मध्ये. १९९७ मध्ये हाँगकाँग चीनकडे जाणार होतं, त्याआधीच्या १९९४ च्या ब्रिटन-चीन करारातही तोच साचा: १४ जागा चिनी सैन्यासाठी राखीव, २५ हाँगकाँग सरकारला मोकळ्या, आणि बदल्यात स्टोनकटर्स बेटावर नवा नाविक तळ वगैरे बांधून द्यायचा.

जाता जाता, कौलूनच्या व्हिटफील्ड बरॅक्समध्ये हिंदी पलटणी असत. तिचं १९७० मध्ये कौलून पार्क झालं, पण मुसलमान शिपायांसाठी १८९६ मध्ये बांधलेली मशीद कायम राहिली. तिची आजची इमारत १९८४ ची.