गल्लीच्या भिंतीवर तुरुंगफोडीचं चित्र: काढावं का?

कृष्णाकाठचा: सांगलीत आमच्या मंडळाचं एका लांब भिंतीवर 1943 च्या तुरुंगफोडीचं चित्र काढायचं घाटतंय. 24 जुलैला वसंतदादा पाटील साथीदारांसह इंग्रजांच्या ताब्यातल्या सांगलीच्या तुरुंगातून निसटले. पाठलागात अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबुराव जाधव जिवानिशी गेले. माझं म्हणणं, काढावंच, आणि मध्यभागी हे दोघे हवेत. दादांचे पुतळे आहेत की! उत्तर आयर्लंडातल्या बेलफास्टच्या फॉल्स रोडवर, ब्रिटिश सत्तेविरुद्ध 1981 च्या तुरुंगातल्या उपोषणात गेलेल्या बॉबी सँड्सचं चित्र आहे. जवळच्याच भिंतीवर पॅलेस्टाइनच्या बाजूनं चित्रं. आपला लढा आठवणारी माणसं दुसऱ्याच्या लढ्यालाही जागा देतात. दूध आणायला जाताना पोरांना हे रोज दिसतं.

पोवईनाका: अर्धंच सांगितलंत. त्याच बेलफास्टात शँकिल रोडवर समोरच्या, ब्रिटनच्या बाजूच्या गटाची चित्रं आहेत आणि दोन वस्त्यांच्या मध्ये उंच भिंत. तिथं चित्र बघून कळतं, ही गल्ली कुणाची. साताऱ्यात 2023 मध्ये पोवई नाक्यावर उदयनराजेंचं चित्र काढण्यावरून केवढा वाद पेटला, पोलीस बंदोबस्त लागला. फ्लेक्स निदान उतरवता येतो. रंगवलेला माणूस वर्षानुवर्षं छातीवर बसतो.

कृष्णाकाठचा: हयात नेता आणि ऐंशी वर्षांपूर्वी गोळी खाल्लेला माणूस एकाच तागडीत?

पोवईनाका: तागडी तुमच्या मंडळाच्या हातात आहे, भीती त्याचीच. खाली ‘सौजन्य’ म्हणून कुणाचं नाव येणार?

ब्रशवाला: रंगकाम करतो म्हणून बोलतो. पुराचं पाणी 2019 ला कुठवर आलं ते भिंतीवर बघा, आणि तोंडं त्याच्या वर काढा. ओल मुरलेल्या भिंतीवर कितीही भारी रंग मारा, पोपडे धरणारच. आणि मालकासह महापालिकेची परवानगी लेखी घ्या, विद्रूपणाचा 1995 चा कायदा आहे. ‘नगरसेवक बघतील’ हे ऐकून मी दोनदा पैशाला मुकलोय.

मळ्यातली: इंग्रजांविरुद्ध सातारा-सांगलीत चाललेल्या प्रतिसरकारच्या भूमिगतांना रात्री-अपरात्री भाकरी थापून देणाऱ्या बायका कुठं आहेत तुमच्या चित्रात? नुसते पळणारे पुरुष काढणार असाल तर माझा विरोध धरा.

कृष्णाकाठचा: त्या घेऊ. सौजन्य-बिजन्य काही नाही, वर्गणी घरटी.

पोवईनाका: चांगलं. मग समोरच्या भिंतीवर दुसऱ्या मंडळानं त्यांचा माणूस काढला, तर तक्रार करणार नाही ना? ते आधी लिहून द्या.