अमेरिकेने अथेन्स गिरवलं नाही, अथेन्सचा धसका घेतला

गंगापूररोड

काल एक पोस्ट सगळीकडे फिरत होती. ‘पेरिक्लिसने लावलेलं लोकशाहीचं रोप जेफर्सन-मॅडिसनने अमेरिकेत नेऊन वाढवलं’ असा मथळा (पेरिक्लिस हा प्राचीन अथेन्सचा पुढारी, जेफर्सन आणि मॅडिसन अमेरिकेच्या उभारणीतले नेते), खाली अथेन्सचं जुनं देऊळ पार्थेनॉन आणि वॉशिंग्टनच्या खांबवाल्या इमारतींचे फोटो शेजारी शेजारी. चार जाणत्या लोकांनीही वाहवा केली, म्हणून सविस्तर लिहितोय.

सारखे आहेत ते खांब. राज्यव्यवस्था सारखी नाही. १७८७च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात दारं-खिडक्या लावून घटना लिहिणाऱ्यांनी ग्रीस कोळून प्यायला होता, आणि त्यातून घेतलेला धडा एकच: असं होऊ द्यायचं नाही. नव्या घटनेच्या समर्थनार्थ लिहिलेल्या फेडरलिस्ट निबंधांतला दहावा वाचा, मॅडिसनचा. थेट लोकशाही म्हणजे गोंधळ आणि गटबाजी, असं तो सरळ म्हणतो. पंचावन्नाव्यात तर म्हटलंय की अथेन्सचा प्रत्येक नागरिक सॉक्रेटिस असता, तरी तिथली नागरिकांची सभा झुंडच राहिली असती.

आणि भीती खोटी नव्हती. इ.स.पू. ४०६ मध्ये आर्गिनुसाईची आरमारी लढाई अथेन्सने जिंकली, पण वादळात बुडणाऱ्या खलाशांना वाचवता आलं नाही. सभेने सेनापतींना एकत्रच मृत्युदंड ठोठावला, वेगवेगळी सुनावणीही नाही. जे परत आले होते त्या सहाजणांना मारलं. त्यात खुद्द पेरिक्लिसचा मुलगा होता. त्या दिवशी सभेच्या कामकाजाची जबाबदारी असलेल्यांत सॉक्रेटिस होता. त्याने विरोध केला, कुणी ऐकलं नाही. मॅडिसनने सिनेट, राष्ट्राध्यक्षाचा नकाराधिकार आणि न्यायालय असे बांध घातले ते यासाठी.

निशिगंध

साफ असहमत. मी शाळेत इतिहास शिकवते आणि हेच एकतर्फी चित्र मुलांच्या डोक्यातून काढताना दमछाक होते.

अथेन्सबद्दल आपल्याला सांगतं कोण? इतिहासकार थ्युसिडिडीस, ज्याला त्याच लोकशाहीने हद्दपार केलं. प्लेटो, ज्याच्या गुरूला, सॉक्रेटिसला, तिने विष पाजलं. लेखक झेनोफोन, जो अथेन्सचा असून शत्रू स्पार्टाच्या बाजूने लढला. वादीचीच कैफियत वाचून निकाल देताय तुम्ही. लोकशाहीचा पाया घालणाऱ्या क्लिस्थेनिसच्या सुधारणा इ.स.पू. ५०८च्या, लोकशाही मोडली ३२२ मध्ये, तीही मॅसेडोनियाच्या सैन्याने. मधले दोन छोटे खंड सोडले तर पावणेदोनशेहून जास्त वर्षं ही ‘झुंड’ राज्य करत होती. मॅडिसनच्या बांधांनी किती दिवस काढले? १७८९ ला घटना अमलात आली आणि १८६१ ला यादवी.

दुसरं, तुम्ही निबंध सोयीने वाचलेत. त्रेसष्टावा काढा. अथेन्स आणि अमेरिका यांतला खरा फरक काय, तर अमेरिकेच्या कारभारातून लोकांना, लोक म्हणून, संपूर्ण वगळलंय, असं तिथे अभिमानाने लिहिलंय! मॅसॅच्युसेट्सचे कर्जात बुडालेले शेतकरी १७८६ मध्ये उठले तेव्हा त्यांच्यावर सैन्य घातलं. अशाच कर्जबुडव्या शेतकऱ्यांसाठी अथेन्सचे कायदे करणाऱ्या सोलोनने इ.स.पू. ५९४ मध्ये कर्जं रद्द केली होती आणि कर्जापायी गुलाम करण्यावर बंदी घातली होती. भीती झुंडीची नव्हती, सावकारी बुडण्याची होती.

गंगापूररोड

‘कर्जबुडव्या’ तुमचा शब्द, माझा नाही. आणि सावकारीचं म्हणाल तर सोलोनने जमिनीचं फेरवाटप करायला नकार दिला, हेही मुलांना सांगत जा. दोन्ही बाजू नाराज झाल्या त्याच्यावर.

निशिगंध

सांगते. आणि चिठ्ठ्यांचंही सांगते, ज्याबद्दल तुम्ही अवाक्षर काढलेलं नाही. अथेन्समध्ये पाचशेजणांचं मंडळ चिठ्ठीने निवडलं जायचं, आयुष्यात फार तर दोनदा. मतदान सेनापतीसारख्या मोजक्या पदांसाठी. अ‍ॅरिस्टॉटलच्या लेखी चिठ्ठी ही लोकशाहीची रीत आणि निवडणूक ही मूठभरांची. अमेरिकेने नेमकं ते टाकून दिलं.

एडिसनकर

चिठ्ठी टाकली नाही ताई, एका जागी ठेवलीय. ज्युरी! इथलं, अमेरिकेचं, नागरिकत्व मिळाल्यावर मला बोलावणं आलं तेव्हा वैतागलो होतो, सुट्टी वाया म्हणून. खोलीत एक निवृत्त प्लंबर, एक बसचालक बाई, एक कॉलेजचा पोरगा, मी. खटला पैशांच्या देण्याघेण्याचा. बिलावरची तारीख आणि साक्षीतली तारीख जुळत नाही, हे त्या बसचालक बाईंनी काढलं. दोन्ही वकिलांनी त्याचा उल्लेखही केला नव्हता. तेव्हापासून ‘सामान्य माणसाला काय कळतं’ असं कुणी म्हटलं की मला चीड येते.

अथेन्सच्या अगोरा (जुना बाजारचौक) संग्रहालयात ते चिठ्ठीयंत्र पाहिलंय. दगडी पाट, त्यावर खाचांच्या रांगा. प्रत्येकाने आपल्या नावाची पट्टी खाचेत लावायची, बाजूच्या नळीतून काळे-पांढरे गोटे सोडायचे, पांढरा आला की ती आख्खी रांग कामावर. काही लोकांच्या थडग्यांत त्यांच्या नावाच्या पट्ट्या सापडल्यात, इतकं त्याचं अप्रूप.

गंगापूररोड

ज्युरीला न्यायाधीश कायदा समजावतो, अपील असतं. अथेन्सच्या ज्युरीला यातलं काहीच नव्हतं. आमच्या सोसायटीत एका वर्षी कुणीच उभं राहिना, तेव्हा चिठ्ठ्या टाकून कमिटी केली. पाण्याच्या टाकीचं काम वर्षभर रखडलं. चिठ्ठी निघालेल्यांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

निशिगंध

आणि आमच्याकडे निवडून आलेली तीच ती माणसं किती वर्षं खुर्चीत आहेत! सिंकिंग फंडाचा हिशेब मागितला की ‘एजीएममध्ये बघू’, आणि एजीएममध्ये चहा-समोसे. अथेन्समध्ये पद घेण्याआधी छाननी व्हायची आणि पद सोडताना हिशेब द्यावा लागायचा. तो मंजूर होईपर्यंत शहर सोडायला बंदी. चिठ्ठीने आलेल्यालाही, पेरिक्लिसच्या तोडीच्या सेनापतीलाही. पेरिक्लिसला इ.स.पू. ४३० मध्ये लोकांनी पदावरून काढून दंड केला आणि पुढे पुन्हा निवडलं. याला झुंड म्हणायचं?

गंगापूररोड

हिशेबाची पद्धत चांगली होती, ठीक आहे. पण सोसायटीचा राग मॅडिसनवर काढू नका.

निशिगंध

टाकीचं रडगाणं आधी तुम्ही लावलंत. वैयक्तिक होणार असाल तर मी थांबते.

सत्यशोधक_बार्शी

दोघंही भांडताय कुणाच्या सत्तेसाठी? लॉरियनच्या चांदीच्या खाणीत गुलाम राबत होते म्हणून अथेन्सचं आरमार उभं राहिलं. इ.स.पू. ४५१ला पेरिक्लिसनेच कायदा केला की आई आणि बाप दोघंही अथेन्सचे असतील तरच नागरिक. ‘सर्व माणसं समान’ लिहिणाऱ्या जेफर्सनच्या मालकीचे आयुष्यभरात सहाशेहून जास्त गुलाम होते. आणि तुमच्या त्या घटनेत गुलामाची गणती तीनपंचमांश माणूस म्हणून, तीही त्याच्या मालकाच्या राज्याला जास्त जागा मिळाव्यात म्हणून.

त्या पिढीत अथेन्सचं मोकळ्या मनाने कौतुक केलं अमेरिकेच्या स्वातंत्र्याची बाजू मांडणाऱ्या लेखक थॉमस पेनने. अथेन्स छोट्या रूपात जे होतं ते अमेरिका भव्य रूपात होईल, असं त्याने १७९२ मध्ये लिहिलं. हाच पेन जोतीरावांनी तरुणपणी वाचला. १८७३ मध्ये त्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकी लोकांना, मॅडिसनला नाही. आमच्या घरात पेनचं नाव आजोबांच्या तोंडून ऐकलं, शाळेत कधीच नाही.

गंगापूररोड

पेनचा मुद्दा घेतो, पण त्यालाही अथेन्सची सभा जशीच्या तशी नको होती. प्रतिनिधी हवेच होते. आणि महाराष्ट्राकडे वळलाच आहात तर बाबासाहेबांचं ४ नोव्हेंबर १९४८चं संविधान सभेतलं भाषण वाचा. घटनात्मक नीतिमत्ता उपजत नसते, ती रुजवावी लागते. लोकांच्या हाती सगळं सोपवून मोकळं होता येत नाही, हेच मी सांगतोय.

निशिगंध

त्या भाषणात बाबासाहेब कुणाचा दाखला देतात? ग्रोटचा, ग्रीसच्या इतिहासकाराचा. आणि ग्रोटने घटनात्मक नीतिमत्तेचं ते विवेचन केलंय क्लिस्थेनिसच्या अथेन्सबद्दल! तुमच्या झुंडीच्या शहराबद्दल. ती नीतिमत्ता रुजवता येते, हे त्याने तिथेच दाखवलं.

अथेन्सविरुद्ध बंड केलेल्या मितिलिनी शहराचंही घ्या. इ.स.पू. ४२७ मध्ये क्लिऑन या पुढाऱ्याच्या भाषणाने पेटून सभेने तिथल्या सगळ्या पुरुषांना मारायचा हुकूम दिला. दुसऱ्या दिवशी त्याच लोकांनी पुन्हा चर्चा केली, विरोधात बोलणाऱ्या डायोडोटसचं ऐकलं, हुकूम फिरवला आणि दुसरं जहाज सोडलं. खलाशी वल्ही मारता मारता दारू-तेलात कालवलेलं पीठ खात होते, आळीपाळीने झोपत होते. पहिला हुकूम वाचून झाला होता, अंमल व्हायचा होता, इतक्यात ते पोचले. सिनेट नव्हती तिथे.

गंगापूररोड

शहर वाचलं, मान्य करतो. पण बंडाचे म्होरके तरीही मारले, हजारावर, तेही सभेच्याच ठरावाने. आणि अकरा वर्षांनी अथेन्सने मेलोस बेटाच्या पुरुषांना मारलं, तेव्हा दुसरं जहाज निघालं नाही. रागाच्या भरात घेतलेला निर्णय थंड डोक्याने तपासणारं सभागृह हवंच, हे माझं मत कायम.

सत्यशोधक_बार्शी

पळून गेलेल्या गुलामांना पकडून मालकाच्या ताब्यात द्यायचा १८५०चा कायदा त्याच सभागृहाने मंजूर केला. महिनोन्‌महिने चर्चा करून, थंड डोक्याने.

गंगापूररोड

१८५०ला माझ्याकडे उत्तर नाही. आर्गिनुसाईला तुमच्यापैकी कुणी दिलेलं नाही.